हौद्यातून येणारी थाप

गॅरेजमध्ये ऐकण्याचं खातं मिस्त्रीणबाईंकडे होतं. लेथच्या घरघरीत राबून राबून नवरा कानाने पार गेला होता, त्यामुळे इंजिनाची कुरकुर काय नि गिऱ्हाइकाची कुरकुर काय, दोन्ही त्यांच्याच वाट्याला. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानामागच्या हाडाला टेकवली, की आत काय बिघडलंय ते त्या डोळे मिटून सांगत.

म्हणून धाकट्या दिराने लष्कराच्या लिलावात घेतलेला जुना ट्रक थेट त्यांच्या दारात आणून उभा केला. खाणीतून दगड वाहायला घेतला होता.

"वहिनी, चढ लागला की हा ठोकतो."

"ठोकतो म्हणजे? खटखट की धाडधाड?"

"कुणी दारावर थाप मारावी तसं."

बाई हसल्या. पण पुढच्या दोन दिवसांत ते हसू मावळत गेलं. त्यांनी टॅपेट लावून पाहिले, बेअरिंग उघडून पाहिलं. मग एकेका सिलिंडरचं डिझेल तोडलं. दोष असलेल्या सिलिंडरचं डिझेल तोडलं की आवाज बदलतो. इथे गॅरेजात उभ्या ट्रकाचं इंजिन तक्रारीला जागाच देईना.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्या दिराच्या शेजारी बसून खाणीच्या चढावर गेल्या. पहिल्या वळणाला आवाज आला. एक थाप. जरा वेळाने आणखी एक. दिराने वेग वाढवला, कमी केला. थाप आपली स्वतःच्याच चालीने पडत राहिली.

"इंजिन बंद करा, भावजी."

इंजिन निमालं. त्या शांततेत, दोघांच्या डोक्यामागच्या पत्र्यावर, बाहेरून एक थाप पडली.

दीर पांढराफटक पडला. बाई उतरून मागे गेल्या. हौदा रिकामा होता.

"तापलेलं लोखंड निवताना वाजतं," त्या म्हणाल्या, पण ते त्यांचं त्यांनाच पटलं नाही.

गल्लीच्या टोकाला फौजीकाका राहायचे. उभी हयात त्यांनी लष्कराचे ट्रक चालवले होते. बाईंनी त्यांना बोलावून आणलं. काका ट्रकाला वळसा घालत आले आणि केबिनच्या दाराशी थबकले. दाराची आतली मूठ तांब्याच्या तारेने गुंडाळलेली होती.

"ही तार मी बांधलीय," ते म्हणाले आणि पायरीवरच बसले.

आवाज कसा येतो ते बाईंनी सांगितलं. काका सांगू लागले.

"एक थाप म्हणजे थांब. मागे सात जखमी होते. घाटात वरून गोळ्या येत होत्या, न थांबण्याचा हुकूम होता. ते थाप मारत होते, बाई, आणि मी गाडी हाकत होतो. शेवटच्या वळणापर्यंत ऐकू येत होतं. मग काहीच नाही. पोचल्यावर हौद्याचा मागचा फाळका पाडायला माझा हात उठला नाही. दुसऱ्यांनी पाडला."

बाईंनी हात पुसले. "चला काका. आज थाप आली की थांबू."

"मी मागे बसतो," काका म्हणाले.

भर दुपार होती. ऊन असं की रस्त्यावर सावली म्हणून नव्हती. दीर येईना, तेव्हा स्टिअरिंगवर बाईच बसल्या. पहिल्या वळणाला डोक्यामागे थाप पडली आणि त्यांनी ब्रेक दाबला.

त्या मागे आल्या. काका केबिनपासून लांब, पार फाळक्यापाशी, दोन्ही हातांनी हौद्याची बाजूची कडा धरून बसले होते.

"तुम्ही मारलीत?"

काकांनी नाही म्हणून मान हलवली. "फाळका पाड, पोरी."

बाईंनी खिट्ट्या काढल्या. फाळका धाडकन खाली आला. आत काकांशिवाय नुसती धूळ. मग मागच्या स्प्रिंगचे पाटे करकरले आणि हौदा बोटभर वर आला, माणूस उतरल्यावर येतो तसा. पुन्हा करकर, पुन्हा बोटभर. बाई पाट्यांवरून नजर हलवू शकल्या नाहीत. सातदा झालं. दर वेळी काका पुटपुटत होते, "सावकाश रे. घाई नाही. सावकाश."

शेवटी ते स्वतः उतरले. "तू जा. मी येतो चालत."

बाई एकट्याच खाली आल्या. थाप नव्हती, साधी कुरकुरही नव्हती. त्या दिवसापासून ट्रक दगड भरभरून चढ चढतो आणि दिराची एक तक्रार नाही.

काका मात्र रोज दुपारी त्या वळणावर जाऊन बसतात. खाणीवरची माणसं म्हणतात, म्हातारा एकटाच बडबडतो, मध्येच हसतो. एकदा बाईंनी गाडी थांबवून विचारलं, "काका, एकट्याने कंटाळा नाही येत?"

काकांनी आजूबाजूला नजर फिरवली आणि दगडावर जरा सरकून बसले, कुणाला जागा करून द्यावी तसे.

"एवढ्या माणसांत कसला कंटाळा?" ते म्हणाले.