भिंगाचा डोळा

घड्याळजींच्या दोन भुवयांच्या मध्ये एक उभी आठी होती. चाळीस वर्षं उजव्या डोळ्यात भिंग अडकवून बारीक चक्रं बघता बघता ती पडली होती. बायको होती तोवर ते दुकानातून आले की ती आठीवर अंगठा दाबून फिरवायची. "थांबा, इस्त्री करू दे. असला चेहरा घेऊन जेवायला बसू नका."

ती गेली आणि दहा महिन्यांत आठी घट्ट बसली. सहा वर्षांची नात त्यांच्या खोलीच्या दारातूनच परत फिरायला लागली. "आजोबा रागावलेत," असं ती आईला सांगायची.

शेवटी सुनेनंच विषय काढला. "बाबा, ते सुरकुत्यांचं इंजेक्शन घेऊन बघता का?"

"या वयात मला काय नवरदेव व्हायचंय?"

"नवरदेव नका होऊ. आजोबा व्हा, तेवढं पुरे."

हे त्यांना लागलं. दुसऱ्याच दिवशी ते दवाखान्यात गेले.

डॉक्टर पस्तिशीची बाई होती. "काका, माझ्यावर रागवा बघू," ती म्हणाली. मग भुवया उंच करायला लावल्या, डोळे घट्ट मिटायला लावले आणि थबकली. "उजवी बाजू डावीपेक्षा दणकट आहे तुमची. काम काय करता?"

घड्याळजींनी खिशातून भिंग काढलं. "घड्याळं दुरुस्त करतो. डॉक्टर, एकच भीती आहे. तुमच्या औषधानं स्नायू सैल पडतो म्हणे. उद्या हे डोळ्यात धरता आलं नाही तर मी दिवसभर करू काय?"

"धरा. बघू दे मला."

त्यांनी भिंग धरलं. तिनं बोटांनी चाचपून कुठला स्नायू ओढतो, कुठला नुसता बसून आहे, ते पाहिलं. मग पांढऱ्या पेन्सिलीनं पाच ठिपके दिले. "भिंगाच्या बाजूला मी फिरकणारच नाही. मधलं तेवढं सैल करू, तेही थोडंच. कमी पडलं तर पुन्हा देता येतं. जास्त झालं तर काढून घेता येत नाही."

घड्याळजींना ते पटलं. घड्याळात तेल घालतानाही असंच असतं. थेंब जास्त पडला की सगळं खोलून बसावं लागतं.

ती सुई भरायला वळली. समोर आरसा होता. त्यात त्यांना कपाळावरचे ठिपके दिसले आणि हात आपसूक खिशात गेला. तबकडीवर कण दिसला की पुसायचा, ही जन्माची सवय. त्यांनी मऊ फडक्यानं कपाळ पुसून टाकलं.

"अहो काका! माझे ठिपके?"

नर्स तोंडावर हात धरून हसत होती. घड्याळजी ओशाळले. "डाग दिसला की राहवत नाही हो."

डॉक्टरांनी पुन्हा ठिपके दिले. एक जुना ठिपका नीट पुसला गेला नव्हता. नवा बरोबर त्याच्यावरच पडला. न मोजता, न थांबता. याला म्हणतात हात, घड्याळजी मनात म्हणाले.

सुई केसासारखी होती. औषध डोळ्याकडे उतरू नये म्हणून तिनं भुवईखालच्या हाडावर अंगठा दाबून धरला. घड्याळजींच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं.

"दुखलं का?"

"नाही. घरी रोज असा अंगठा असायचा."

सुई निघाली, तरी तिचा अंगठा जरा वेळ तिथंच राहिला. मग म्हणाली, "चार तास आडवं व्हायचं नाही, चोळायचं नाही. आणि तुम्ही तर पुसायचंसुद्धा नाही!"

रोज सकाळी ते भिंग लावून बघायचे. भिंग धरलं जायचं. आठी मात्र दिवसेंदिवस मवाळ होत गेली. बाराव्या दिवशी दुपारी नात दारात आली, पण परत फिरली नाही.

"आजोबा, तुमचा राग गेला?"

"राग नव्हताच गं."

"मग काय होतं?"

पण ती उत्तरासाठी थांबली नाही. आत आली आणि आपलं छोटं लाल घड्याळ त्यांच्या मांडीवर ठेवलं. "कधीचं बंद पडलंय. तुम्ही ओरडाल म्हणून आणलं नव्हतं."

घड्याळजींनी तिला जवळ ओढून घेतलं आणि भिंग डोळ्यात बसवलं.