बोल्टावरची लाल रेघ

मी अर्थिंगची पट्टी बोलतेय. हो, पट्टीच. गाडीत हॉर्नने ओरडावं, दिव्यांनी मिरवावं आणि लोकांनी त्यांचं कौतुक करावं, अशी रीत आहे. मी बसते बॅटरीच्या मागे, अंधारात, दोन टोकांना दोन बोल्टांनी आवळलेली. मला कुणी बघत नाही, पण मी सगळ्यांना बघते. आणि आधीच सांगून ठेवते, माझा स्वभाव संशयी आहे.

तो उगाच झालेला नाही. उल्हासनगरच्या कॅम्प एकमधल्या एका गाळ्यात माझा जन्म झाला. केसासारख्या बारीक तांब्याच्या तारा वेणीसारख्या विणल्या, वर कल्हई चढवली आणि मला दुकानातल्या खिळ्यावर टांगलं. येईल ते गिऱ्हाईक मला वाकवून बघे, नखाने खरवडे आणि विचारी, "असली तांबा है ना?"

"साईं, झूठ बोलूँ तो कल से दुकान बंद," शेठ म्हणायचे. नेमकं हेच ते पितळेचा मुलामा दिलेल्या लोखंडी वॉशरबद्दलही म्हणायचे. दुकान काही बंद झालं नाही. तेव्हापासून माणसांच्या शपथा मी एका कानाने ऐकते आणि दुसऱ्याने सोडून देते.

मला नेलं अनंताने. विठ्ठलवाडी डेपोजवळ त्याचं गाड्यांच्या वायरिंगचं टपरीवजा दुकान आहे. माणूस अबोल, बोटं काळी, आणि पिशवीत कसल्यातरी पांढऱ्या जेलीची डबी. ही जेली तो प्रत्येक जोडावर फासायचा. मला वाटलं, हा काहीतरी लपवतोय. चांगल्या कामाला लेप कशाला हवा?

त्याने मला बदलापूरला, कुळगावात, नरेंद्रच्या घरी आणलं. हे दोघे अंबरनाथच्या आयटीआयमधले एकाच बाकावरचे दोस्त. नरेंद्रने एकोणतीस वर्षं कारखान्याच्या टूलरूममध्ये काढली आणि निवृत्त झाल्यावर घरामागच्या शेडमध्ये मोटार बनवायला घेतली. जुन्या काळच्या ढंगाची, दोघांपुरती, लांब नाकाची, उघड्या टपाची. वरचं अंग फायबरचं आणि खालची चौकट, म्हणजे चासी, लोखंडाची. त्या चासीला त्याने स्वतःच्या हाताने हिरव्या रंगाचे तीन हात दिले होते, प्रत्येक हात वाळल्यावर घासून. येईल त्याला तो म्हणायचा, "वाका जरा, तोंड दिसतं यात."

पण गाडीचे दिवे मिणमिणायचे. पत्र्याच्या गाडीत सगळं अंगच करंट परत आणायला मदत करतं. फायबरमधून करंट जात नाही. दिव्यांना, हॉर्नला, स्टार्टरला गेलेला सगळा करंट चासीतून फिरून एकाच वाटेने बॅटरीत परत यायचा, आणि त्या वाटेवर होती एक मरतुकडी वायर. तिच्या जागी अनंताने मला बसवायचं ठरवलं.

त्याने कानस काढली आणि चासीवरचा रंग खरवडायला सुरुवात केली. नरेंद्र कळवळला. "अंत्या, अरे रंग!"

"नऱ्या, रंगातून करंट जात नाय. रुपयाएवढी जागा उघडी पायजे मला."

तेवढं लोखंड उघडं पडलं तेव्हा नरेंद्रने तोंड फिरवलं. त्याची मुलगी तेजल हसली. "थांबा बाबा, असाच चेहरा ठेवा," म्हणत तिने मोबाइलवर फोटो काढला. अनंताने मला त्या चकचकीत लोखंडावर आवळलं, वर जेली फासली आणि दिवे लावले. शेडची भिंत उजळून निघाली. नरेंद्रने दोस्ताच्या पाठीत धपाटा घातला. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

मग आली खंडेनवमी. घरोघरी हत्यारं, यंत्रं धुऊन-पुसून पूजेला मांडायचा दिवस. नरेंद्रने सकाळपासून गाडी घासली. घासता घासता तो माझ्यापाशी आला आणि थांबला. त्या हिरव्यागार चासीवर बोल्टाच्या कडेने दिसणारं उघडं लोखंड त्याला बघवेना. त्याने बोल्ट काढला, जेली चिंधीने पुसली आणि ब्रशने तिथे रंगाचे दोन हात दिले. स्वतःशीच पुटपुटला, "बोल्ट लोखंडाचा, आटे लोखंडाचे. जाईल की करंट."

रंग वाळल्यावर त्याने मला परत आवळलं. माझ्यासमोर भिंत आली. बोल्टाच्या आट्यांतून कुठेकुठे फट होती, तेवढ्यातून मी ओढूनताणून काम निभावत होते. तेजलने माझ्यावरही हळदकुंकू वाहिलं. मी आतून तापत होते आणि ते कुणाला सांगता येत नव्हतं.

आठवड्याने बापलेक संध्याकाळी काटईच्या रस्त्याला निघाले. समोर म्हैस आली, तेजलने ब्रेक मारून हॉर्न दाबला, आणि गाडी आंधळी झाली. दिवे गेले, इंजिन बसलं. मागच्या टेम्पोचे ब्रेक किंचाळले. टेम्पो थांबला तेव्हा मध्ये दोन हातांचं अंतर उरलं होतं. तेजलची बोटं स्टिअरिंगवरून निघेनात. नरेंद्रचा राग दोष द्यायला कुणाचं तरी नाव शोधत होता, ते मला त्याच्या श्वासातून कळलं.

दुसऱ्या दिवशी त्याने मला काढलं, खिशात कोंबलं आणि विठ्ठलवाडी गाठली. दुकानापुढे दोन रिक्षावाले बसले होते. त्यांच्यादेखत त्याने मला टेबलावर आपटलं.

"अंत्या, खरं सांग. हे काय घातलंस माझ्या गाडीत?"

"पट्टी आहे. तांब्याची."

"उल्हासनगरचा माल! कल्हईखाली काय आहे ते तुला ठाऊक आणि त्या शेठला. पोरगी गेली असती माझी काल!"

अनंताने पकड घेतली आणि माझी एक तार कापली. कापलेलं टोक त्याने नरेंद्रच्या डोळ्यांपुढे धरलं. आत लालभडक तांबं होतं. मला कळ आली, पण अभिमानही वाटला. जन्मभर ज्याची लोकांनी चौकशी केली, ते एकदाचं दिसलं.

"दिसलं? आता घेऊन जा," अनंता म्हणाला. "आणि परत माझ्याकडं येऊ नको."

रिक्षावाले खाली बघत राहिले. एकाची रिक्षा वायरिंगसाठी उभी होती; त्याने ती हळूच सुरू केली आणि निघून गेला. अनंताने त्या रिक्षाच्या पाठीकडे पाहिलं. तीस वर्षांचं नाव असं माझ्या डोळ्यांदेखत गेलं आणि साक्षीदार असून मी मुकी होते.

घरी शेडमध्ये तेजल वाकून चासी बघत होती. "बाबा, इथे रंग कुणी लावला?"

तिने मोबाइल काढला आणि तो फोटो पुढे धरला. फोटोत बाबांचं कळवळलेलं तोंड होतं आणि मागे रुपयाएवढं उघडं, चकाकणारं लोखंड.

"अनंताकाकांनी तर खरवडलं होतं."

नरेंद्र स्टुलावर बसला. मग उठला, पॉलिशपेपर घेतला आणि स्वतःच घासायला लागला. मी मनात म्हटलं, हा आता गुपचूप गाडी सुरू करील आणि तोंडाला कुलूप लावील. माणसं असंच करतात.

माझा संशय खोटा ठरला. दुसऱ्या दिवशी मला परत आवळून भर दुपारी तो गाडी घेऊन विठ्ठलवाडीला गेला. दुकानात चार गिऱ्हाइकं असतील. त्यांच्यासमोर तो मोठ्याने म्हणाला, "अंत्या, चूक माझी. तू खरवडलेल्या जागी मी रंग लावला होता. तुझ्या कामात काही खोट नव्हती."

बॉनेट उघडून अनंता माझ्यावर वाकला. "रंग खरवडलास?"

"खरवडला."

"दुखलं?"

"त्याचं नाही दुखलं," नरेंद्र म्हणाला. "दुसरं दुखलं."

अनंताने ती पांढरी जेली काढली आणि बोल्टावर फासली. जेली पाणी अडवते, गंज धरू देत नाही, हे मला आता ठाऊक आहे. त्या डबीवर आणि त्या माणसावर मी उगाच संशय घेतला, याची मला लाज वाटते. मग त्याने लाल रंगाची बाटली उघडली, नट आणि बोल्टाचं टोक पुसून कोरडं केलं आणि बोल्टाच्या टोकावरून, नटावरून थेट चासीपर्यंत एक बारीक रेघ ओढली.

"हे काय?" नरेंद्रने विचारलं.

"खूण. कुणी नट फिरवला तर रेघ तुटंल. मला कळंल."

नरेंद्रने मान खाली घातली. हो म्हणाला.

आता माझं बरं चाललंय. दिवे लख्ख लागतात, हॉर्न खणखणीत वाजतो, तेजल गाडी घेऊन एकटी अंबरनाथला जाऊन येते. एवढंच मागणं आहे, काही बिघडलं तर दुसऱ्याकडे बोट दाखवण्याआधी आपला हात कुठे फिरला होता ते आठवा. माझ्यासारख्या संशयी पट्टीने हे सांगावं म्हणजे कमालच आहे, पण मला ते तार कापून घेऊन कळलं.

अनंता परत कुळगावात येऊ लागलाय. चहा घेतो, आयटीआयच्या गोष्टी काढून हसतोही. पण आल्यावर तो आधी बॉनेट उघडतो आणि लाल रेघ बघतो. मग नरेंद्रकडे बघतो. नरेंद्र तोवर दारातच उभा राहतो.