धुळीच्या वळणावर आडवी

मित्रांनो, आता माझा वेग कुणी विचारत नाही. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातल्या एका जिल्ह्याच्या जत्रेच्या मैदानावर, गुरांच्या प्रदर्शनाच्या छपरीत, लाकडी ठोकळ्यांवर मी उभी आहे. जत्रेला आलेली मुलं माझ्या गंजक्या टपावरून हात फिरवतात आणि आईला विचारतात, "ही पण पळायची?"

पळायची, बाळांनो. आणि एकदा पळायची असताना थांबली. तेच तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म डेट्रॉइटच्या कारखान्यातला. दोन दारांची, काळीभोर, पाठ उतरती. पहिल्यांदा मला गुरांच्या एका डॉक्टरने घेतलं. अडलेल्या गाई सोडवायला निघालेल्या त्या माणसाला मी बर्फातून आणि चिखलातून वाटेल तिथे नेलं. पुढे त्याने नवी गाडी घेतली आणि मला विकायला काढलं. तेव्हा व्हर्जिल कोपेकी मला न्यायला आला. मका आणि दुभत्या गाई, एवढाच त्याचा पसारा. पण दर रविवारी मातीच्या ट्रॅकवर शर्यतीत पळायचं वेड त्याच्या डोक्यात शिरलं होतं.

त्याने माझ्या काचा काढल्या, मागची गादी फेकून दिली, दारं बोल्टने कायमची बंद केली. आत-बाहेर करायचं ते खिडकीतून. छताखाली लोखंडाची कमान बसवली. गोठ्याला लावून उरलेला लाल रंग मला फासला आणि दोन्ही बाजूंना मोठे पांढरे आकडे काढले : सत्तावीस. पहिले काही दिवस मला वाटे, हा माणूस माझा जीव घेतो आहे. मग पहिल्या रविवारी त्याने वळणावर मला तिरकं सोडलं, माझी मागची चाकं मातीत घसरत गेली, लोक उठून ओरडले, आणि मला कळलं की इतकी वर्षं मी नुसती चालत होते.

आता ड्वेन ट्रॅस्कबद्दल सांगते. व्हर्जिलची बायको ओपल, तिची धाकटी बहीण व्हर्ना, आणि व्हर्नाचा नवरा हा ड्वेन. म्हणजे दोघे साडू. ड्वेनची गाडी निळी आणि माझ्यापेक्षा हलकी. खाली मातीत नवरे एकमेकांना ढुशा देत, आणि वर लाकडी पायऱ्यांवर दोघी बहिणी एकाच डब्यातली तळलेली कोंबडी खात आपापल्या नवऱ्याच्या नावाने ओरडत. शर्यत संपली की चौघं एकाच टेबलावर जेवायची.

एकोणीसशे छप्पन सालच्या जुलैत मात्र बिनसलं. शेवटच्या फेरीला ड्वेनने मला आतून धडक दिली आणि कुंपणात घातलं. माझं मडगार्ड गेलं, व्हर्जिलचा ओठ फुटला आणि पहिला नंबर ड्वेनला मिळाला.

"मुद्दाम नाही केलं मी!" ड्वेन म्हणाला.

"मुद्दाम केलंस," व्हर्जिल म्हणाला. त्यानंतर तो साडूशी बोलेनासा झाला. एकत्र जेवणं बंद पडली. पायऱ्यांवर बहिणी शेजारी बसत, पण डबे दोन येऊ लागले.

सप्टेंबरात जत्रेची मोठी शर्यत असे. तिच्या आदल्या दिवशी ओपल वेल्डिंगचं सामान घेऊन माझ्यापाशी आली. युद्धाच्या काळात ती विमानांच्या कारखान्यात हेच काम करत असे.

"दारात आतून आडवा दांडा घालते आहे," ती म्हणाली. "तुझ्या बरगड्यांच्या उंचीवर."

"नको. वजन वाढेल. आधीच त्याची गाडी वळणातून लवकर निघते."

"लग्न त्याच्याशी झालंय का तुझं? सरक बाजूला."

"ओपल, गाडी माझी आहे."

"आणि गाडीतला माणूस माझा आहे. तो काळा चष्मा दे इकडे."

व्हर्जिल पाय आपटत गोठ्याकडे निघून गेला. ओपलने दांडा जोडला. ठिणग्या माझ्या तळाशी सांडत होत्या आणि ती स्वतःशीच पुटपुटत होती, "चिडू दे. चिडलेला परवडेल."

शर्यतीच्या दिवशी आभाळ पांढरं फटक होतं. त्या वर्षी नदीत नुसती वाळू उरली होती. एरवी शर्यतीआधी ट्रॅकवर पाणी मारत, म्हणजे धूळ बसते. पण त्या दिवशी जत्रा समितीने हात झटकले. "गुरांना पाजायला पाणी नाही, मातीला कुठून पाजू?" म्हणाले. व्हर्जिलने बुटाच्या टाचेने ट्रॅक उकरला. माती पिठासारखी उडाली. त्याच्या कपाळावर आठी पडली, पण लोक येऊन बसले होते आणि बँड वाजत होता.

रांगेत ड्वेनने खिडकीतून डोकं काढलं. "काय साडूभाऊ, दारात रेल्वेचा रूळ घातलास की काय?"

व्हर्जिलने त्याच्याकडे बघितलंही नाही. माझ्या स्टेअरिंगवर थाप मारून तो मलाच म्हणाला, "सांग त्याला, आज मागे बघत राहा म्हणावं."

झेंडा पडला. पहिल्या वळणातच सूर्य दिसेनासा झाला. मित्रांनो, धुक्यातही असंच होतं, पण धुकं गार असतं. ही धूळ तापलेली होती. ती रेडिएटरमध्ये शिरत होती, व्हर्जिलच्या दातांत करकरत होती. पुढच्या गाड्या दिसत नव्हत्या, फक्त ऐकू येत होत्या. कुंपण कुठे आहे ते फळ्यांवर आदळणाऱ्या खड्यांवरून कळत होतं. झेंडेवाला आम्हाला दिसत नव्हता, म्हणजे आम्हीही त्याला दिसत नव्हतो. तरी कुणी वेगावरचा पाय काढला नाही. जो काढेल तो मागे पडेल, एवढं एकच सगळ्यांच्या डोक्यात.

एकेक गाडी मागे टाकत आम्ही दुसऱ्या नंबरवर आलो. पुढे निळा ठिपका होता, ड्वेनचा. व्हर्जिल त्याच्या इतका जवळ गेला की त्याच्या चाकांनी उडवलेली ढेकळं माझ्या नाकावर फुटू लागली. मी तापले होते. व्हर्जिलच्या हातांतला राग मला स्टेअरिंगमधून जाणवत होता. तो धडक देणार होता. जुलैची परतफेड करायला पलीकडच्या वळणासारखी दुसरी जागा नव्हती.

पण त्याआधीच ड्वेनचं चाक मातीतल्या चरीत अडकलं. निळी गाडी एका बाजूने उचलली गेली, हवेत वळली आणि टपावर आपटली. ती वळणाच्या मधोमध उलटी पडली होती. चाकं वर फिरत होती. आणि धूळ तिच्यावरून पांघरुणासारखी सरकत होती.

तिच्या आतल्या बाजूने आमच्यापुरती वाट होती. पुढे सगळा ट्रॅक मोकळा, उन्हाळाभर ज्याची आस धरली तो पहिला नंबर मोकळा. आणि मागून सगळ्या गाड्या आंधळ्या येत होत्या.

व्हर्जिलचा पाय वर आला. ब्रेक दाबला, स्टेअरिंग डावीकडे पिळलं. मी गर्रकन फिरले आणि निळ्या गाडीच्या अलीकडे, वाटेत आडवी उभी राहिले. व्हर्जिलची बाजू येणाऱ्या गाड्यांकडे होती. त्याने पट्टा सोडवला. पलीकडच्या खिडकीतून तो उडी मारू शकला असता. त्याऐवजी त्याने गळ्यातला लाल रुमाल ओढून काढला, कमरेपर्यंत खिडकीबाहेर वाकला आणि हात फिरवत, घसा फाटेस्तोवर ओरडू लागला.

पहिली गाडी धुळीतून निघाली, दचकली, आणि माझ्या नाकाला घासून आतल्या मैदानात गेली. दुसरी वरच्या अंगाने कुंपण फोडून गेली. तिसरीचं इंजिन ऐकू आलं तेव्हा ते फारच जवळ होतं. व्हर्जिलने अंग आत ओढून घेतलं.

ती धडक मी अजून विसरलेले नाही. माझी सगळी डावी बाजू आत गेली, सांगाडा वाकला. मी मागे रेटली गेले आणि निळ्या गाडीपासून हातभर अंतरावर थांबले. दार व्हर्जिलच्या अंगावर आलं, पण दांड्यापाशी अडलं. त्याचा खांदा मोडला. बरगड्या शाबूत राहिल्या.

मग कुठे लाल झेंडा हलला. इंजिनं एकेक करून बंद पडली आणि त्या शांततेत पेट्रोल ठिबकल्याचा आवाज आला. व्हर्जिल उजव्या खिडकीतून मातीत पडला, एका हातावर सरपटत ड्वेनकडे गेला आणि त्याचा पट्टा चाकूने कापू लागला.

उलटा लटकलेला ड्वेन खोकत म्हणाला, "थांबलास कशाला रे? पुढे मोकळं होतं ना?"

"गप बस. डोकं सांभाळ, पडशील."

"जुलैत... मुद्दामच केलं होतं मी."

"माहीत आहे. पाय हलव आता, गाढवा!"

दोघी बहिणी पायऱ्या उतरून, कुंपण ओलांडून धावत आल्या. व्हर्ना ड्वेनला बिलगून रडली. ओपल रडली नाही. तिने माझ्या खिडकीतून हात घालून दारातला दांडा चाचपला, मग ती व्हर्जिलशेजारी मातीत बसली.

वर्तमानपत्रात माझा फोटो आला. लोक मला बघायला येत आणि गहिवरून बोलत. पण समिती पाण्याबद्दल चकार शब्द काढेना. तेव्हा गळ्यात हात बांधलेला व्हर्जिल आणि लंगडणारा ड्वेन यांनी मला ट्रॅक्टरने ओढत नेलं आणि समितीच्या कार्यालयापुढे उभं केलं, चेपलेली बाजू अध्यक्षांच्या खिडकीसमोर.

अध्यक्ष बाहेर आले. "हे काय? हटवा ही गाडी!"

"ट्रॅकवर पाणी पडलं की हटवू," ड्वेन म्हणाला.

"आणि पाणी आणायचं कुठून?"

"दुधाचा टँकर माझा, विहीर याची," व्हर्जिल म्हणाला. "तुम्ही फक्त नियम करा. ओली माती नसेल तर झेंडा पडणार नाही."

मी तिथे पानगळ संपेपर्यंत उभी होते. अध्यक्षांनी पडदे लावून पाहिले. शेवटी नियम झाला.

मी पुन्हा पळाले नाही. वाकलेला सांगाडा सरळ होत नाही. मला गोठ्यामागे ठेवलं. आधी व्हर्जिल येऊन बसायचा, मग कमी येऊ लागला. माझ्यात कोंबड्यांनी अंडी घातली, गवत माझ्या तळातून वर आलं. नव्या, बुटक्या, चकचकीत गाड्यांचा आवाज रविवारी दुरून ऐकू येई आणि मला फार एकटं वाटे. खूप वर्षांनी, व्हर्जिल गेल्यानंतर, म्हाताऱ्या ओपलने मला या छपरीत पाठवलं. इथल्या माणसांना माझी डावी बाजू ठोकून सरळ करायची होती. ती म्हणाली, "रंग हवा तेवढा द्या. तिथे हातोडा लावायचा नाही."

मित्रांनो, त्या दिवशीची शर्यत कोण जिंकलं ते आता इथे कुणालाच आठवत नाही. पण दोन घरांतली माणसं पुढे कित्येक वर्षं एका टेबलावर जेवली. तेव्हा मला पुसा, जपा, माझ्या टपावर चढून नाचू नका, एवढं तर मागतेच. पण त्याहून मोठं मागणं दुसरं आहे. तुम्ही सायकल घेऊन भुर्रकन निघालेले असाल, आणि घरातलं कुणी दारात येऊन म्हणेल, "थांब, ब्रेक बघून जा." तेव्हा चिडा हवं तर. पण थांबा.