'वादळ' संघाचे नवे मालक

बसमधून उतरणाऱ्या एका आजींची पिशवी पायरीवर सांडली. ती उचलून द्यायला ड्रायव्हर वाकला आणि वाकलेलाच राहिला. कळ अशी आली की प्रवाशांनीच खांद्याला धरून त्याला बाकावर आडवं केलं. डॉक्टर म्हणाले, मणक्यातली चकती सरकली आहे. काही आठवडे बस विसरा आणि पलंग धरा.

जन्मभर शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावलेला माणूस छताकडे बघत पडून राहिला. बायको पुढच्या खोलीत शिलाई मशीनवर बसायची. हा आतून हाका मारायचा. "अगं, किती वाजले?" "अगं, कोण आलं होतं?" "अगं, मशीनला तेल घाल, कुरकुरतंय." शेवटी तिने भावाला फोन लावला. "तुझ्या भाऊजींना काहीतरी उद्योग दे बाबा. त्यांची पाठ बरी होईपर्यंत माझं डोकं फिरेल."

हा मेहुणा चष्म्याच्या दुकानात कामाला होता आणि रिकाम्या वेळी फोनवर बेसबॉलचा एक खेळ खेळायचा. त्या खेळात बॅट हातात घ्यायची नसते. ठिकठिकाणची माणसं एकेका संघाची मालक होतात. खेळाडू सगळे खोटे, कॉम्प्युटरने बनवलेले. पण ते वयात येतात, जखमी होतात, म्हातारे होऊन निवृत्तही होतात. मालकाने संघ निवडायचा, दुसऱ्या मालकाशी खेळाडूंची अदलाबदल करायची आणि रोज संध्याकाळी कॉम्प्युटर सामना खेळवून निकाल सांगणार, तो बघायचा.

"आमच्यातला एक मालक न सांगता गायब झाला," मेहुणा म्हणाला. "त्याचा संघ रिकामा आहे. घ्या भाऊजी."

संघाचं नाव होतं 'वादळ' आणि तो तळाला पडला होता. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. पण पदरी पडलं पवित्र झालं म्हणून ड्रायव्हरने तो घेतला. घेतल्या घेतल्या फोनवर स्वागत झळकलं: 'नमस्कार मालक!'

"ऐकलंस का?" तो ओरडला. "मी मालक झालो!"

"मग मालकांनी आपला चहाचा कप तेवढा बाजूला ठेवावा, सांडेल," बायको बाहेरून म्हणाली.

पहिल्याच दिवशी त्याला दोन निरोप आले. एक 'टिटवी' नावाच्या मालकाचा, चांगलाच लांबलचक. दुसरा 'बॅरिस्टर' नावाच्या मालकाचा, छोटा आणि गोड. ड्रायव्हरने अर्थातच छोटा आधी वाचला. बॅरिस्टरने लिहिलं होतं, 'तुमच्या संघाला एक मोठं नाव हवं. माझा सगळ्यात गाजलेला बॅटर घ्या. बदल्यात तो पोरगेला डावखुरा पिचर द्या. नवीन मालकाला तेवढी मदत करायलाच हवी.'

पिचर म्हणजे चेंडू फेकणारा, एवढं ड्रायव्हरला कळलं होतं. बॅटरची कारकीर्द उघडून बघितली तर विक्रमांची रांग. आता एवढा मोठा माणूस आपल्याकडे येतो म्हणतोय, तर नाही कशाला म्हणायचं? त्याने होकाराचं बटण दाबलं.

संध्याकाळी मेहुण्याचा फोन आला. "भाऊजी, काय केलंत हे! तो बॅटर म्हातारा झालाय. त्याला आता धावताही येत नाही. आणि तुमच्या संघात कामाचा असा तो एकच पोरगा होता!"

ड्रायव्हरने मग टिटवीचा निरोप उघडला. त्यात लिहिलं होतं:

'मालक, पहिले काही दिवस कशालाही हात लावू नका. नुसतं बघा. खेळाडूचं नाव नंतर वाचा, आधी वय वाचा. तरुण पिचर कुणालाही देऊ नका. आल्या आल्या कुणी गोड बोलून अदलाबदल मागितली तर "उद्या सांगतो" म्हणा. खरा सौदा उद्यापर्यंत टिकतो. हरण्याची लाज बाळगू नका, हा संघ हरणारच आहे. आणि कंटाळलात तर सांगून जा. मालक न सांगता गेला की बाकी सगळ्यांच्या खेळाचा विचका होतो.'

वरातीमागून घोडं! ड्रायव्हर इतका खजील झाला की त्या रात्री तो नीट जेवलाही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने टिटवीला लिहिलं, 'तुमचं पत्र वाचायच्या आधीच तोंडघशी पडलो. संघ सोडतो. सांगून जा म्हणालात, म्हणून सांगतोय.'

उत्तर लगेच आलं. 'एका सौद्यात फसलात म्हणून सोडायचं, तर इथे एकही मालक उरला नसता. पिचर गेला तर गेला. तुमचा तिसऱ्या बेसवर उभा राहणारा खेळाडू बघा, तो उजव्या हाताच्या पिचरसमोर बरी बॅट चालवतो. त्याला आज बॅटिंगच्या क्रमात वर घ्या.'

त्याने घेतलं. 'वादळ' हरलं, पण थोडक्यात हरलं. मग दोघांचे निरोप रोज सुरू झाले. कोणता पिचर थकला, कुणाला विश्रांती द्यायची, कुणावर उगाच जीव लावायचा नाही. ड्रायव्हरच्या हाका कमी झाल्या आणि पुढच्या खोलीत शिलाई मशीन सुखाने चालू लागलं. एका आठवड्यात संघ लागोपाठ तीन सामने जिंकला, तेव्हा तर त्याला राहवलं नाही. त्याने मेहुण्याकडून नंबर घेतला आणि आभार मानायला थेट टिटवीला फोन केला.

पलीकडून फोन उचलला गेला. कुणी बोललं नाही. मग कट झाला. पाठोपाठ निरोप आला, 'फोन नको. लिहा.'

"तुसडाच दिसतोय माणूस," ड्रायव्हर फुरंगटून म्हणाला.

"माणूस कशावरून?" बायकोने दातांतला दोरा काढला. "बाई असेल. तुमच्यासारखा अनोळखी, घोगऱ्या आवाजाचा माणूस अचानक फोनवर आला तर ती काय ओवाळणार?"

ते काही त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. त्याने माफी मागितली. दुपारी उत्तर आलं.

'माफी कसली. मी फुलांच्या घाऊक बाजारात लिलाव पुकारायचे. अख्ख्या हॉलला माझा आवाज ऐकू जायचा, म्हणून तर टिटवी. घशात गाठ झाली. डॉक्टरांनी ती काढली, तिच्याबरोबर स्वरयंत्रही काढावं लागलं. जीव वाचला. आवाज नाही. इथे कुणाला सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका.'

ड्रायव्हरने ते पुन्हा पुन्हा वाचलं. बायकोलाही त्यातलं काही सांगितलं नाही.

हंगाम संपला आणि नव्या खेळाडूंची निवड जवळ आली. ही निवड दर वर्षी रविवारी दुपारी व्हायची. सगळे मालक एकाच वेळी फोनवर यायचे आणि ज्याची पाळी येईल त्याने नाव पुकारायचं. तळाच्या संघाची पाळी पहिली, वरच्यांची शेवटी. टिटवीने लिहिलं, 'मी या वर्षी येणार नाही. माझे खेळाडू कॉम्प्युटरलाच निवडू दे.'

'कॉम्प्युटर काय निवडणार, कप्पाळ!' ड्रायव्हरने लिहिलं. 'तुम्ही नावं लिहून पाठवा, मी पुकारतो. बसमध्ये थांब्यांची नावं ओरडून माझा आवाज तयार आहे.'

तिने होकार दिला, मी नुसतं ऐकत राहीन म्हणाली आणि प्रत्येक फेरीसाठी पसंतीची नावं आधीच पाठवून दिली. प्रतिस्पर्ध्याच्या हातात कुणी आपले पत्ते देत नाही, तिने दिले.

रविवारी ड्रायव्हर पाठीला पट्टा बांधून, उशांना टेकून बसला. पहिली फेरी सुरळीत पार पडली. टिटवीच्या वतीने त्याने खेळाडूचं नाव पुकारलं तेव्हा बॅरिस्टर म्हणाला, "हे काय, टिटवीने वकील नेमला? आमच्याशी बोलायला कमीपणा वाटतो वाटतं!"

एकदोघं हसले. ड्रायव्हरच्या ओठांवर उत्तर आलं होतं, पण शब्द दिला होता. तो एवढंच म्हणाला, "पुढचं नाव घ्या."

दुसऱ्या फेरीत पहिली पाळी त्याचीच होती. त्याला एक कॅचर हवा होता, बॅटरच्या मागे बसून चेंडू झेलणारा. त्या पोरावर तो कित्येक दिवस डोळा ठेवून होता. पण टिटवीच्या यादीतही तेच नाव वर होतं. क्षणभर तो थांबला. मग त्याने दुसऱ्याच कुणाचं तरी नाव घेतलं. टिटवीची पाळी आली तेव्हा तो कॅचर अजून शिल्लक होता. त्याने तिच्या वतीने त्याला खणखणीत आवाजात पुकारलं आणि मनातल्या मनात खूश झाला.

टिटवीचा निरोप आदळला. 'तुम्हालाही तोच हवा होता ना? मागच्याच आठवड्यात मला विचारत होतात. माझा आवाज गेलाय मालक, डोकं नाही. दया करायची असेल तर मी आत्ता खेळ सोडते.'

ड्रायव्हरचे कान तापले. चांगलं करायला गेलो आणि हे काय झालं! तो चिडला. मग त्याला आठवलं, गेल्या महिनाभरात पाणी आणून देणाऱ्या प्रत्येकावर आपणही असेच खेकसलो आहोत. त्याने लिहिलं, 'चुकलं.'

तिसऱ्या फेरीत टिटवीच्या यादीत वर एक पिचर होता. तो त्यालाही आवडला होता. ड्रायव्हरने घसा साफ केला आणि आपल्या पाळीला 'वादळ'साठी त्याच पिचरचं नाव पुकारलं.

'दरोडेखोर!' निरोप आला. मग लगेच दुसरा: 'आता कसं! माझं दुसरं नाव वाचा.'

निवड संपता संपता तिने स्वतःच सगळ्यांच्या गटात लिहिलं. घशाचं, ऑपरेशनचं, सगळं. 'वकील नव्हे, आवाज उसना घेतला होता.' मग बॅरिस्टर म्हणाला, "बाई, माझी जीभ फार चुरूचुरू चालते. माफ करा." गटाचा कारभार बघणारा, ज्याला सगळे मॉनिटर म्हणायचे, तो म्हणाला की पुढच्या वर्षी वाटलं तर सगळ्यांनीच नावं लिहून पाठवू. टिटवीने ते साफ नाकारलं. पुकारा हवाच, म्हणाली. त्याशिवाय मजा काय.

पाठ बरी झाली. ड्रायव्हर पुन्हा कामावर जाऊ लागला. आता मात्र कुणाची पिशवी पडली तर आधी गुडघे वाकवतो. 'वादळ' नव्या हंगामात तळातून बाहेर आलं. फार वर गेलं नाही, पण आता बॅरिस्टरसुद्धा त्याला अदलाबदल विचारताना घासाघीस करतो.

एका सुट्टीच्या सकाळी तो बायकोला घेऊन फुलांच्या बाजारात गेला. लिलावाच्या हॉलमध्ये बादल्यांच्या रांगा होत्या, फरशी ओली होती. चौथऱ्यावर एक तरुण मुलगी पुकारत होती. तिच्याशेजारी गळ्याला रुमाल बांधलेली एक बुटकी बाई उभी होती. मुलगी घाई करू लागली की ती तिच्या कोपराला हात लावायची. कुणी मागे नुसती भुवई उडवली तरी बोट करून दाखवायची.

ओळख करून द्यावी लागली नाही. ड्रायव्हरने घसा खाकरून "नमस्कार" म्हटलं आणि ती वळून हसली.

लिलाव आटोपल्यावर तिघं कँटीनमध्ये बसली. ती फोनवर लिहायची आणि फोन फिरवून धरायची, ड्रायव्हर बोलायचा. बायकोचा चहा संपला, तिने दुसरा मागवला, तोही संपला. तरी दोघांचं चाललंच होतं. शेवटी तिने विचारलं, "एवढं काय चाललंय तुमचं?"

"अगं, तो डावखुरा पिचर परत मागतोय मी," ड्रायव्हर म्हणाला. "यांनी बॅरिस्टरकडून घेतला परवा. आणि या म्हणतात, उद्या सांगते!"

टिटवीचे खांदे हसण्याने हलत होते. आवाज अजिबात नव्हता. तिने बिलाचा कागद आपल्याकडे ओढला आणि ड्रायव्हरला हाताने खूण केली, बसा, अजून एक चहा सांगते.