लिओनिसकाकांचा शंख

आमच्या टेकडीवरची पवनचक्की सरकारने जपायला घेतली, तेव्हापासून तिला फिरायची बंदी आहे. मी तिथे तिकिटं फाडते आणि "हात लावू नका" म्हणून ओरडते. त्या ऑगस्टमध्ये अथेन्सहून थेओफानिस नावाचे साहेब चार जाडजूड बोल्ट घेऊन आले. धोका नको म्हणून चक्कीचा आस कायमचा जखडायचा होता.

लिओनिसकाका या चक्कीवर दळणारे शेवटचे, वय सत्त्याऐंशी. बोल्ट बघून त्यांचा चेहरा उतरला. मग मात्र खुंटीवरचा जुना शंख काढून ते फारच गरीब आवाजात म्हणाले, "साहेब, आधी बाकीच्या वस्तू तरी तपासा. हा शंख अजून वाजतो की नाही, लिहायला नको?"

"वाजवा," साहेब म्हणाले. इथेच फसले.

शंख वाजला म्हणजे वारा चांगला आहे, दळण आणा. हे आमच्या बेटावर शेंबड्या पोरालाही ठाऊक. पाव तासात आनेझिनाआजी गाढवावर जवाचं पोतं लादून हजर. मागे आणखी सहा जणी.

"चाळीस वर्षं वाट बघतेय, मेल्या! झोपला होतास काय?" ती काकांवर खेकसली.

"आजी, हे संग्रहालय आहे," साहेब म्हणाले.

"शंख वाजवायला कोणी सांगितलं?"

"मीच, पण फक्त..."

"मग झालं तर! शंख ऐकून आलेलं पोतं आजवर कोणी परत पाठवलंय? बघत काय राहिलायस? छप्पर वाऱ्याकडे वळव!" तिने साहेबांच्या हातात दांडा कोंबला.

काकांनी पात्यांवरची शिडं सोडली. जात्याचे दगड ताजे टाकवलेले, छिन्नीने खडबडीत केलेले निघाले. कधी टाकवले ते मला विचारू नका. किल्ली माझ्याकडे असते एवढंच. चक्की कुरकुरली, मग गरगरली, आणि काका पीठ चिमटीत धरून लहान मुलासारखे हसले.

छप्पर वळवणाऱ्याला पिठातला वाटा मिळतो. साहेबांचा काळा कोट पांढराफटक झाला होता, पण पिशवी त्यांनी घट्ट धरली होती. बोटीत बसण्याआधी त्यांनी अहवाल लिहिला. मी तो काकांना तीनदा वाचून दाखवला:

"शंख चालू स्थितीत. दरवर्षी वाजवून तपासणे आवश्यक. तपासणीत अडथळा नको, म्हणून बोल्ट बसवू नयेत."