‘किल्लेदार’शी जुळणारा

मित्रांनो, मी एक जुना स्टिकर आहे. माझ्यावर लाल बुरूज आहे आणि खाली लिहिलंय, ‘किल्लेदारशी जुळणारा’.

किल्लेदार हा गोष्टीचा खेळ. मुलांनी गोल बसायचं, फासे टाकायचे. कुणी शिलेदार व्हायचं, कुणी वैदू. त्या खेळाला कुणी नवी गोष्ट जोडली, तर खेळ काढणारी कंपनी हे चिन्ह लावू देते. फक्त आधी परवानगी मागायची आणि चिन्ह आपल्या गोष्टीच्या नावापेक्षा लहान ठेवायचं. कारण माझा अर्थ एवढाच, की मूळ खेळ घरी असेल तर ही गोष्टही त्यात चालेल.

जामखेडच्या सुकन्याताईंनी ‘बारवेतला पहारेकरी’ ही गोष्ट तान्ह्या बाळाला मांडीवर घेऊन रचली. खोकी छापून आली आणि त्यांचा धीर सुटला. “माझं कोण घेणार?” त्यांनी कंपनीच्या वेबसाइटवरून चिन्ह परस्पर उतरवून घेतलं आणि मला तळहाताएवढं छापलं.

“वैनी, विचारलं का त्यांना?” नणंद निकिताने हटकलं.

“अगं, उघडंच तर ठेवलंय.”

“शिंगणापुरात दारं न्हाईत, म्हणून हाक न मारता शिरता व्हय कुनाच्या घरात?”

ताई हसल्या आणि मला चिकटवलं. नेमकं त्यांच्याच गोष्टीच्या नावावर.

खेळांच्या प्रदर्शनात मुलं ओरडायची, “किल्लेदार आला!” मी फुशारलो. मिरजगावच्या गोरक्षभाऊंनी लेकीच्या वाढदिवसाला खोकं नेलं. पूजाने मैत्रिणींसमोर ते उघडलं. आत गोष्ट होती, नकाशा होता. फासे नव्हते, नियम नव्हते. ती तळापर्यंत हात घालून शोधत राहिली.

“तुज्या पप्पांनी अर्दाच खेळ आनला!” एक मैत्रीण म्हणाली.

“असू द्या, पप्पा,” पूजा म्हणाली. तिने वर पाहिलं नाही. मित्रांनो, मला तोंड फिरवता येत नाही. तेव्हा फार वाटलं, फिरवता यावं.

गोरक्षभाऊ खोकं घेऊन जामखेडला आले. “ताई, तुमी खोटं न्हाई लिवलं. पन माज्या पोरीनं लई वाट बघितली हुती.”

ताईंच्या कानशिलापर्यंत लाली चढली. “चुकलं माझं, भाऊ,” त्या म्हणाल्या. बाळाला निकिताकडे देऊन त्यांनी मला नखाने धरलं आणि ओढलं.

मित्रांनो, मोठ्याचं चिन्ह लावायचं, तर विचारून लावा, लहान लावा. आपलं नाव त्याच्याखाली झाकू नका. मी निघालो तेव्हा एकटा निघालो नाही. ‘बारवेतला पहारेकरी’ ही अक्षरंही खोक्यावरून सुटून आली. ती अजून माझ्या पाठीला चिकटलेली आहेत.