मुळावरच्या गाठी

चतुराबाईंच्या शेतातली दहा रोपं मी उपटली. आठांच्या मुळांवर एकही गाठ नव्हती, एकावर दोन होत्या, एकावर तीन. हरभरा पेरून तीस दिवस झाले होते.

"एवढ्यासाठी उस्मानपुऱ्यातून सोयगावला आलीस व्हय?" बांधावरून मुक्ताबाई मला म्हणाल्या. "चतुरा, काळी भुकटी फासून काय मिळालं गं?"

चतुराबाईंनी थोरल्या जावेकडे न बघता उपटलेली रोपं ओळीनं मांडली. कापूस उपटून उशिरा हरभरा पेरणाऱ्या अकराजणी त्यांच्या शब्दावर थांबल्या होत्या. आज गाठी दिसल्या तरच त्या भुकटी घेणार होत्या.

भुकटी आमच्या प्रयोगशाळेतली. एका ग्रॅममध्ये दहा कोटी रायझोबियम जिवाणू, मीच मोजलेले. हरभऱ्याचं मूळ मातीत एक द्रव्य सोडतं, तेवढ्यावरून हा जिवाणू त्याला ओळखतो. मुळावरचा केसासारखा तंतू वाकवून आत शिरतो, गाठ बांधतो आणि हवेतला नायट्रोजन झाडाला देतो. खताच्या कारखान्याला या कामासाठी चारशे अंशांची भट्टी लागते, याला ओली माती पुरते. काम चालू असलेली गाठ कापली की आतून गुलाबी दिसते.

"मावशी, भुकटी गुळाच्या पाण्यात कालवूनच बियाला चोळली ना?" मी चतुराबाईंना विचारलं.

"तू सांगितलं तसंच."

"मग बी वाळवलं कुठं?"

"अंगणात, उन्हात. बियाला ऊन दाखवल्याबिगर कुणी पेरतं का?"

फोनवर मी 'वाळवून पेरा' एवढंच म्हणाले होते. 'सावलीत' हा शब्द सांगायची मला गरजच वाटली नव्हती.

"उन्हानं जिवाणू मेले, मावशी."

"म्हंजी म्या मारले?"

"नाही. मी."

"मेले म्हणायचं नि सुटायचं!" मुक्ताबाई हसल्या. "पाकिटात तरी जित्ते होते कशावरून?"

मी चतुराबाईंकडे वळून विचारलं, "भुकटी कालवलेल्या बादलीत उरलेलं पाणी कुठं गेलं?"

"गुळाचं पाणी फेकू व्हय? पेरून झाल्यावर त्या कोपऱ्यातल्या तासावर, त्या एका ओळीवर ओतलं."

मी उठायच्या आत मुक्ताबाई खुरपं घेऊन तिकडे निघाल्या. त्यांनी एक रोप मातीच्या ढेकळासकट काढलं. चतुराबाईंनी बाटलीतल्या पाण्यानं मुळं हलक्या हातानं धुतली. मी मोजलं, मग मुक्ताबाईंनी पुन्हा मोजलं.

तेवीस गाठी. पाच कापल्या, पाचही आतून गुलाबी.